सोमवारचा उसना राहुकाळ

सीमंतिनी भोईटेला हळू चालताना मी कधी पाहिलेलं नाही. इथे ग्वाल्हेरला, जनकगंजात ती आमच्या समोरच राहते. सकाळी मी तुळशीला पाणी घालत असते तेव्हा ती स्कूटी बाहेर काढत असते. माझी प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत हेल्मेट, डबा, नवऱ्याला दोन सूचना आणि मला एक "वहिनी, येते हो" एवढं सगळं उरकून ती गल्लीच्या टोकाला पोचलेली असते. आमचे हे म्हणतात, ही बाई देवळात घंटा वाजवायला थांबत नाही, जाता जाता वाजवते. ते खरं आहे. पण गुरुवारच्या दत्ताच्या आरतीला ती चुकत नाही, आणि प्रसाद वाटायचं काम तिच्याकडे दिलं की मी निश्चिंत असते. शेवटच्या माणसाला द्रोण रिकामा मिळाला असं तिच्या हातून आजवर झालं नाही.

तिचं माहेर इथलंच, सासरही इथलंच. दोन्हीकडचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि इथल्या लष्कर भागात राहिले. आता एका घरात बँकेची नोकरी आहे, दुसऱ्या घरात बिजली दफ्तरातली. ही गोरखीच्या शाळेत शिकली, बी.कॉम. झाली आणि लग्नाआधीच कंपू भागात तात्यासाहेब मोघ्यांच्या कारखान्यात कारकून म्हणून लागली. आता तिथलं सगळं ऑफिस तीच बघते.

कारखाना दवाखान्यांच्या सामानाचा. लोखंडी खाटा, स्ट्रेचर, सलाइन टांगायचे स्टँड, हे सगळं नवीन बनवतात आणि जुनं दुरुस्तही करतात. कंपूतले दवाखाने तर आहेतच, शिवाय मुरैना, भिंड, दतियापर्यंतचे फोन येतात. कुणाच्या खाटेचं हँडल फिरत नाही, कुणाच्या स्ट्रेचरचं चाक अडलंय. फोन सीमंतिनी घेते, काम कोणाला द्यायचं ते ठरवते आणि वेळेवर झालं की नाही ते बघते. तिथल्या सिस्टरबाया तिला इतक्या ओळखतात की पलंगाची तक्रार सांगता सांगता मुलीच्या लग्नाचंही सांगून टाकतात.

दोन वर्षांपूर्वी तात्यासाहेबांचा मुलगा यशोधन पुण्याची नोकरी सोडून घरच्या धंद्यात आला. मुलगा हुशार आणि कष्टाळू. पुण्यात राहून मराठी सुधारली असेल असं वाटलं होतं, पण ग्वाल्हेरच्या पाण्यात उतरला आणि पहिल्यासारखा निम्मा हिंदीत बोलू लागला. त्याने कारखान्यात रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर आणलं. ऑफिसच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावला. काम आलं की नोंद, कारागिराने हातात घेतलं की मोबाइलवर बटण, संपलं की पुन्हा बटण. संध्याकाळी सगळ्याचा रिपोर्ट आपोआप तयार.

अशा वेळी जुनी माणसं कुरकुर करतात, पण सीमंतिनी खूश होती. मला म्हणाली, "वहिनी, पूर्वी दिवसभर विचारत फिरायचे, कुठवर आलं, कुठवर आलं. लोकांना वाटायचं भुणभुण करते. आता विचारायचं काम भिंत करते."

मग श्रावणातल्या एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसली. मी भगर निवडत होते. ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय होतंय. भैया ऑफिस बंद करणार म्हणतोय."

भैया म्हणजे यशोधन. तो शाळेच्या गणवेशात कारखान्यात यायचा तेव्हापासून ती त्याला भैया म्हणते, तो तिला ताई. नोएडाची एक एजन्सी आहे म्हणे. सगळे फोन तिकडे जाणार, तिकडूनच कामं वाटली जाणार. इथल्या ऑफिसची गरज राहणार नाही. दसऱ्यापर्यंत कामं वेळेवर संपू लागली तर ठीक, नाही तर एजन्सी.

"आणि तू?"

"मला गोदाम देतोय. बसा तिथे खिळे मोजत." मग म्हणाली, "खिळे मोजीन हो मी, त्याचं काही नाही. पण मुरैनाची सिस्टर म्हणते, वो कोने वाला पलंग फिर चूँ-चूँ कर रहा है. नोएडातल्या पोराला कळेल का कोपरा कुठला ते?"

यशोधनचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. दवाखान्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या, कामं उशिरा जात होती. आणि त्याच्याकडे पुरावा होता. सीमंतिनीने मोबाइलवर तो तक्ता मला दाखवला. दिवसभरात किती कामं सुरू झाली त्याची रेघ. रेघ छान वर जायची आणि मग एकदम खड्डा. चांगला दीड तास कोणी एकही नवं काम हातात घेत नाही. पुन्हा रेघ वर.

"भैया म्हणतो, ताई, रोज डेढ़ घंटा पूरा कारखाना सो जाता है और आपको पता ही नहीं. मला खरंच पत्ता नव्हता. त्यातून खड्डा एका जागी असता तर धरला असता. रोज जागा बदलतो. सोमवारी तर खड्डाच नाही. भैयाचं म्हणणं, रविवारची सुट्टी खाऊन लोक सोमवारी ताजे असतात, मग आठवडाभर पेंगतात."

"त्या वेळात करतात काय सगळे?"

"काय करणार, चहाच असतो."

"रोज वेगळ्या वेळेला?"

"आमच्याकडे चहा वारावर असतो ना," ती म्हणाली, जशी सगळ्या जगात तीच रीत आहे. "मंगळवारी तीनला. शुक्रवारी साडेदहाला. शनिवारी आल्याआल्या चहा, मग झाडलोट, मशीनला तेल. बुधवार-गुरुवार चहा नसतो, जेवणच लांबतं. बुधवारी बाराला बसतात, गुरुवारी दीडला."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी चहा जागेवर मिळतो."

मी हात पुसले आणि भिंतीवरचं पंचांग काढून तिच्यापुढे धरलं. मागच्या पानावर कोष्टक असतं. मंगळवार, तीन. शुक्रवार, साडेदहा. शनिवार, नऊ. सोमवारचा कारखाना उघडायच्या आतच आटपलेला.

ती वाचत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हा तर राहुकाळ आहे."

पंचांगातला तो रोजचा दीड तास, वारागणिक सरकणारा, ज्यात नव्या कामाचा आरंभ करत नाहीत. मी स्वतः पाळते; नवं लुगडं, पहिला हप्ता, कुणाची बोलणी, काही असलं तरी आधी तेवढं बघून घेते. पण अख्खा कारखाना तो चहाच्या कपात घालून पाळतोय आणि ऑफिस चालवणारीला माहीत नाही, हे मी प्रथमच ऐकत होते. ती आधी हसली नाही. मग जी हसायला लागली, ती भगरीच्या ताटाला हात लागून निम्मी भगर ओट्याखाली गेली तरी थांबेना. आमचे हे पेपर घेऊन दारात आले, म्हणाले, "राहूवर एवढं हसू नये, ऐकत असतो."

दुसऱ्या दिवशी तिने मल्हाररावांना गाठलं. हे तिथले सगळ्यात जुने फिटर. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा, आणि तिला ताईसाहेब म्हणणार.

"मल्हारराव, आपला चहा रोज वेगळ्या वेळेला का असतो?"

"राहुकाळ असतो म्हणून, ताईसाहेब."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही तर पहिल्या दिवसापासून वेळेवर कप घेऊन बसता. मला वाटलं, बाई धार्मिक आहेत."

"आणि ही रीत कोणाची?"

"तात्यासाहेबांची. पहिली मशीन बसवली तेव्हा मी होतो ना इथे. बटण दाबणार तर मालक म्हणाले, राहुकाळ आहे, आधी चहा घ्या. मालकांचा शब्द. मैंने तो तभी से गाँठ बाँध ली. नवीन पोरांनाही मीच सांगतो, अभी रुक जा."

तात्यासाहेब आता वयस्कर झालेत, पण रोज सकाळी येऊन खुर्चीत बसतात आणि वर्तमानपत्र वाचतात. सीमंतिनीने त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

"अगं, त्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला नव्हता," ते म्हणाले. "समोर पाहुणे बसलेले, दोन डॉक्टर आलेले. त्यांना काय सांगू, तार जोडायची राहिली आहे? म्हटलं राहुकाळ आहे, चहा घ्या. वार कोणता होता तेही मी बघितलं नव्हतं."

"आणि मल्हारराव एवढी वर्षं पाळताहेत."

"मल्हारी माझं सगळं ऐकतो," तात्यासाहेब म्हणाले आणि फार खूश होऊन पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

सीमंतिनीने यशोधनला सगळं सांगितलं. लपवून ठेवायचा तिचा स्वभाव नाही. तो आधी चकित झाला, मग हसला, मग मालक झाला. म्हणाला, "सिंपल है ताई. रोज एकच चहा, अकराला. बाकी सब बंद." दुसऱ्या दिवशीपासून तसं झालं.

आणि तक्त्यातला खड्डा गेला. यशोधनने स्क्रीनचा फोटो काढला. पण आठवड्याने सीमंतिनी पुन्हा माझ्याकडे आली, आणि यावेळी तिचं तोंड जास्तच उतरलेलं.

"रेघ सरळ झाली आणि काम तसंच लटकलंय," ती म्हणाली. "मल्हारराव राहुकाळात बटण दाबतात, हो, चालू केलं. मग त्या खाटेकडे बघत बसतात. हात लावत नाहीत. बाकीचेही त्यांच्याकडे बघून तसेच. पूर्वी निदान चहा पिऊन जोमाने उठायचे. आता चहाही नाही आणि कामही नाही. सुरू केलेली कामं ढीगभर, संपलेली पूर्वीइतकीच. आणि त्या वेळात फोन येतात ते वेगळेच. एक हातातलं टाकून दुसऱ्याकडे, दुसरं टाकून तिसऱ्याकडे."

मला त्या सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. पण हे मला माझ्या ओट्यावरून कळलं. चार शेगड्या पेटवल्या म्हणजे चार पदार्थ झाले असं नसतं. मी तिला तेवढंच म्हटलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, पंचांगाकडे बघत होती.

"वहिनी, एक सांगा. राहुकाळात नवीन सुरू करत नाहीत. पण आधी सुरू केलेलं पुरं करायला चालतं का?"

"चालतं की. न चालायला काय झालं? आरंभ टाळायचा. तेवढ्या वेळात पोळ्या अर्ध्यावर टाकून का उठतं कोणी?"

"पक्कं?"

"माझ्या सासऱ्यांनी सांगितलेलं आहे. त्यांनी सोवळं कधी मोडलं नाही."

ती उठली आणि चहाही न घेता गेली. नवऱ्याला बाहेरूनच ओरडून सांगितलं की जेवायला उशीर होईल, आणि बसली फोनवर मल्हाररावांशी बोलत.

तिने जे केलं ते ऐकायला साधं आहे. पंचांगातला दीड तास तिने कारखान्याला परत दिला. त्या वेळात कोणी नवं काम हातात घ्यायचं नाही, जसं मल्हाररावांना हवं होतं तसंच. पण चहा, जेवण आधी उरकायचं, आणि मग फक्त जुनं, अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं. फोन आला तर एकटी सीमंतिनी घेणार, कारागिराला कोणी हाक मारायची नाही. स्ट्रेचर कुणाचंही असो, डॉक्टर कितीही मोठा असो, निरोप लिहून ठेवायचा आणि राहुकाळ संपला की द्यायचा. फार निकडीचं असलं तर ती स्वतः उठून जाईल, दुसरं कोणी नाही. आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा "सुरू" चा होता, तो तिने यशोधनच्या मागे लागून "पूर्ण" चा करून घेतला.

यशोधनला पटलं नव्हतं. "ताई, सॉफ्टवेअरमध्ये राहुकाळ टाकू? क्लायंट को क्या बोलूँगा?"

"क्लायंटला पलंग वेळेवर मिळाला तर तो काही विचारणार नाही. आणि तुझ्या भाषेत हवं असेल तर तसं नाव दे. मल्हाररावांना राहुकाळ सांगू."

त्याने नाव दिलं, "फोकस टाइम". ते आजही स्क्रीनवर तसंच आहे, आणि सगळे त्याला राहुकाळ म्हणतात.

पहिल्या मंगळवारी तीन वाजले. मल्हाररावांनी अर्धवट पडलेल्या पलंगांकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "हे तर जुनंच आहे." एवढंच बोलून ते कामाला लागले. त्यांच्या मागे सगळे. सीमंतिनी सांगत होती, वेल्डिंगचा आवाज सोडला तर दीड तास कारखान्यात कोणी हाक मारली नाही, त्यामुळे तिलाच चुकल्यासारखं वाटत होतं. साडेचारला सात पलंग दाराशी उभे होते.

तक्त्यात काय झालं ते तिने मला पुन्हा मोबाइलवर दाखवलं. सुरू झालेल्या कामांच्या रेघेत खड्डा परत आला होता, तसाच, जागा बदलणारा. पण खाली दुसरी रेघ होती, पूर्ण झालेल्या कामांची. जिथे वर खड्डा, बरोबर तिथे खाली डोंगर.

मला तो तक्ता फार आवडला. देव्हाऱ्याशेजारी लावावा असं वाटलं, पण यांनी नको म्हटलं.

दहाएक दिवसांनी एक गंमत झाली. सोमवारी कामं अडायला लागली. इतर दिवशी अर्धवट काही उरत नव्हतं, सोमवारचं तेवढं मंगळवारवर ढकललं जायचं. मल्हारराव स्वतः सीमंतिनीच्या टेबलाशी आले.

"ताईसाहेब, सोमवारी आपल्याला राहुकाळ नाही."

"नाही. सकाळी आपण यायच्या आतच संपतो."

"मग कसं करायचं? लोकांना सवय लागली. सोमवारी सगळे हाका मारतात, डोकं फिरतं."

"तुम्हीच सांगा."

मल्हाररावांनी मिशीवरून हात फिरवला. "उसना घेऊ. मंगळवारचा घेऊ तीनचा. दोन्ही दिवशी तीन."

"चालेल का पण तसं? शास्त्रात?"

"ते तुमच्या वहिनींना विचारा."

तिने मला फोन केला. मी पोळ्या लाटत होते, फोन स्पीकरवर. म्हटलं, अगं, नसलेला राहुकाळ पाळला म्हणून देव रागावणार आहे का? पाळला नाही तर एक वेळ बिघडेल, जास्त पाळला तर काही नाही. पलीकडून मल्हाररावांचा मोठा आवाज ऐकू आला, "परमिशन मिल गई." आणि हशा. तेव्हापासून सोमवारी तीनला उसना राहुकाळ असतो. स्क्रीनवरही तसा टाकून घेतलाय.

नवरात्रात यशोधन काही बोलला नाही. रोज रिपोर्ट बघायचा आणि आत जायचा. सीमंतिनीने काळजी मला दाखवली नाही, पण आरतीला आली की डोळे मिटून जरा जास्त वेळ उभी राहायची. एरवी तिला तेवढा धीर कुठला. एकदा मी विचारलं, काय मागतेस एवढं? म्हणाली, "काही नाही वहिनी. फक्त गोदाम नको म्हणते. बाकी सगळं त्याला माहीतच आहे."

मीही मागत होते. ते तिला सांगितलं नाही.

नवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. मोघ्यांकडे मला आणि यांनाही बोलावणं होतं. पाने, हातोडे, वेल्डिंगची यंत्रं, सगळं पुसून मांडलेलं, झेंडूच्या माळा. तात्यासाहेबांनी पूजा सांगितली. आरती झाली, पेढे वाटले. मग यशोधन उभा राहिला. तो काही भाषण करणारा मुलगा नाही, हात खिशात घालून उभा.

"एजन्सीचा फोन आला होता," तो म्हणाला. "काल. मी नाही सांगितलं."

कुणालाच लगेच कळलं नाही की नाही सांगितलं म्हणजे काय सांगितलं. सीमंतिनी पेढ्याचं ताट धरून तशीच उभी.

"म्हणजे नको म्हटलं, ताई. ऑफिस इथेच राहणार. आपका ऑफिस है. लेट कामं निम्म्याहून कमी झालीत. मुरैनाच्या सिस्टरने तर मला फोन करून सांगितलं की, भैया, दीदी को मत हटाना. तिला कोणी सांगितलं मी हटवणार होतो ते?"

"मी नाही," सीमंतिनी म्हणाली.

"मी," मल्हारराव म्हणाले. "पलंग द्यायला गेलो होतो, तेव्हा बोललो. जुनं काम पुरं करत होतो, नवीन काही सुरू केलं नाही."

सगळे हसले, यशोधनही. सीमंतिनीने ताट खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं, जसं की पेढाच लागलाय.

"एक अट आहे," यशोधन म्हणाला. "झाशीला आपली दुसरी जागा सुरू होतेय. तिकडची माणसं माझं ऐकत नाहीत. तुम्ही महिन्यातून दोनदा जायचं आणि तिकडेही हेच बसवून द्यायचं."

आता माझ्यासमोर जी सीमंतिनी उभी होती ती पुन्हा आमच्या गल्लीतली होती. पर्स खांद्याला लावली, घड्याळ बघितलं.

"जाईन की," ती म्हणाली. "पण आधी तिकडच्या जुन्या फिटरला फोन लाव. तिथे चहा कोणत्या वारी किती वाजता असतो, तेवढं विचारून घे."